कानात दिलेली ओळ

माझी भाची रेनिटा डिकेटरहून येताना हमरस्त्यावरच्या ट्रकथांब्यावर पेट्रोल भरायला उतरली आणि तिथल्या जाळीच्या टोपलीतून माझा गळा तीन डॉलरला विकत घेऊन आली. निदान तिला तसं वाटलं.

"आत्या, डोळे मीट," गाडीचं दार आपटत ती म्हणाली.

"सदुसष्ट वर्षांची झाले. आता मिटले तर पुन्हा उघडतील याचा भरवसा नाही. काय आहे ते दे."

तिने एक सीडी हातात ठेवली. वर नदीचं चित्र, काठावर सॅक्सोफोन धरलेला कुणी माणूस. गोरा होता, आमच्यातला तो नव्हता. वर लिहिलेलं, 'सदर्न सोलचे वीस सोनेरी आवाज'. आमच्या दक्षिणेकडच्या जुन्या गाण्यांच्या अशा सीड्या त्या टोपलीत कुत्र्यांच्या पट्ट्यांशेजारी पडलेल्या असतात. ट्रकवाले घेतात, मेम्फिसला पोचेपर्यंत ऐकतात आणि सीटखाली टाकून देतात.

मी उलटी केली आणि नावांवरून बोट फिरवत गेले. सातवं नाव माझं होतं. अर्लीन प्रूइट, पुढे माझं गाणं, 'कडी घातली नाही'. माझं नाव मी विजेच्या बिलावर वाचलं होतं, औषधाच्या बाटलीवर वाचलं होतं. पण आजूबाजूची एकोणीस नावं अशी, की ज्यांच्यासाठी आम्ही पोरी कधीकाळी शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभ्या राहून रेडिओ ऐकायचो. त्यांच्यात मी. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

"बस गाडीत," रेनिटा म्हणाली. "घरातल्या तुझ्या रेकॉर्डच्या डब्यावर नाही वाजायचं हे."

तिने सातवं गाणं लावलं. ढोल असा वाजत होता जसं कुणी रिकाम्या बिस्किटाच्या डब्यावर चमचा मारतंय. कर्णेही खरे नव्हते, यंत्रातून काढलेले. मग आवाज आला. चांगला आवाज होता. भरलेला, खाली जाताना थोडा खरखरणारा, आमच्या घराण्याचा. रेनिटाने डोळ्यांना रुमाल लावला. "आत्या, काय गात होतीस गं तू! आणि आम्हाला कधी एक शब्द नाही."

मी दाराची मूठ धरून बसले. त्या आवाजाच्या आधी कुणीच नव्हतं.

हे समजायला आमचं माउंट नेबो चर्च माहीत हवं. माझ्या लहानपणी तिथे गीतांची पुस्तकं तीन होती आणि वाचणारे चार. म्हणून डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, उभा राहून ओळ द्यायचा. एक ओळ भरभर म्हणायची, की सगळी मंडळी ती उचलून लांब लांब करून गाणार. मग पुढची. दिल्याशिवाय पुढची ओळ कुणी घ्यायची नाही, पाठ असली तरी. आणि दिली की घेतल्यावाचून राहता येत नाही. डीकन हॉब्जच्या आईला शेवटी पोटची पोरं ओळखू येत नव्हती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण खाटेशेजारी कुणी ओळ दिली, की ती उताणी पडल्या पडल्या गायची. त्या ओळीपुरतीच. मग पुन्हा गप्प.

मी शाळेत गेले नाही. पाच भावंडं माझ्या कडेवर आणि मी कापसाच्या ओळीत. विलोडीन गेली. विलोडीन साइक्स, माझी मावसबहीण, दोन वर्षांनी मोठी. आमच्या आया सख्ख्या बहिणी, आम्ही दोघी एका खाटेवर वाढलो. ती आठवी शिकली. गळा दोघींना सारखाच होता, पण लोक माझं ऐकायचे. का, ते मला माहीत नाही. तिलाही नसावं.

सदुसष्ट साली शेफील्डला सरकीच्या जुन्या गोदामात स्टुडिओ होता. त्यांनी मला बोलावलं, मी विलीला बरोबर नेलं. तिथल्या माणसाने गाण्याचा कागद हातात दिला. मी तो सरळ धरला की उलटा, देव जाणे. विलीने पटकन काढून घेतला. "हिचा चष्मा घरी राहिला," ती म्हणाली. मग माझ्या उजव्या खांद्यामागे उभी राहिली, पाठीवर हात ठेवला आणि कानात ओळ दिली. मी गायले. पुढची दिली. मी गायले.

काचेपलीकडून आवाज आला, "आत कोण कुजबुजतंय?"

"पवित्र आत्मा," विली म्हणाली.

सगळे हसले आणि ते तसंच ठेवलं. त्या रेकॉर्डवर प्रत्येक ओळीच्या आधी, कान देऊन ऐकलं तर, एक बारीक फुंकर ऐकू येते. ती विली. एक उन्हाळाभर ते गाणं मेम्फिसपासून मेकनपर्यंत वाजलं. मग ती कंपनी बुडाली आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले.

रेकॉर्ड हातात आली तेव्हा मी विलीला विचारलं होतं, "तुझं नाव आहे ना यावर?"

"आहे की," ती म्हणाली. "तुझ्या नावाखालीच."

चौसष्टाव्या वर्षी चर्चच्या तळघरात वर्ग सुरू झाला, तिथे मी अक्षरं शिकले. ओळ जुळवता यायला लागली त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा ती रेकॉर्ड काढली. गाण्याचं नाव होतं, माझं नाव होतं, त्याखाली मधलं भोक होतं. विलीचं नाव कुठेच नव्हतं. मी हसले, मग रडले. विलीला काही बोलले नाही. चाळीस वर्षं जिने माझ्या आनंदाला ओरखडा पडू दिला नाही, तिला काय जाब विचारायचा?

तर रेनिटाच्या गाडीत मी ते गाणं दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. फुंकर नाही. आणि गाणारी प्रत्येक ओळीत अर्धा श्वास आधी येत होती. ही ओळ देणाऱ्याची सवय. आयुष्यभर दुसऱ्याच्या पुढे धावायची सवय झाली, की स्वतः गाताना पाय जागेवर राहत नाही.

मी खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. 'यातली काही गाणी मूळ गायकांनी १९८८ साली नॅशव्हिलला नव्याने गायली आहेत.'

अठ्ठ्याऐंशी साली मी चारशे पोरांसाठी मक्याचा पाव भाजत होते.

"आवडलं ना?" रेनिटा म्हणाली. "ऐक, पुढच्या रविवारी सगळे गावी येणार. पाळकसाहेबांशी बोललेय मी. उपासनेत नाही, पण जेवणाच्या हॉलमध्ये लावू म्हणाले. तुझा सत्कार. शिकागोची मंडळी पण असतील. त्यांच्या पोरांनी तुला गाताना कधी ऐकलंच नाही."

ते खरं होतं. एक्क्याण्णव साली माझ्या गळ्यात गाठ झाली. डॉक्टरांनी ती काढली आणि गाणंही तिच्याबरोबर गेलं. तेव्हापासून माझा आवाज म्हणजे न तेल घातलेलं फाटक.

सोमवारी सकाळी मी विलीकडे गेले. दोन घरं सोडून राहते. ओसरीवर मांडीत पातेलं घेऊन जांभळ्या सालीच्या चवळीच्या शेंगा सोलत होती, बोटं जांभळी झालेली. चर्चमध्ये मानाच्या वडीलधाऱ्या बायकांना मदर म्हणतात, तशी ती सगळ्यांची मदर साइक्स. पहिल्या बाकावर पांढऱ्या कपड्यात बसते.

"आलीस? बस. अर्ध्या तू सोल," ती म्हणाली. "चेहरा असा का? मांजर मेलं का?"

"मांजर ठणठणीत आहे. विली, अठ्ठ्याऐंशी साली तू नॅशव्हिलला गेली होतीस."

"बर्मिंगहॅमला गेले होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"आणि येताना हिरवी टोपी घेऊन आलीस."

"डॉक्टरकडे जाणाऱ्याने टोपी घेऊ नये असं पवित्र शास्त्रात कुठे लिहिलंय?"

मी सीडी पातेल्यात, शेंगांवर ठेवली. तिने हात पुसले, खोका उचलला, लांब धरून बघितला. पहिल्यांदाच बघत होती हे कळत होतं. ओठ हलले. सातव्या नावावर थांबले.

"बाई गं," ती म्हणाली. "छापलं म्हणजे त्यांनी. मला वाटलं ती नॅशव्हिलची कंपनीही मेली."

एवढंच. ना 'मी नाही', ना 'कोण म्हणतं'. मी घरून शंभर उत्तरं तयार करून आणली होती, ती सगळी तिने एका वाक्यात वाया घालवली.

"त्यांना तू कशी सापडलीस?" मी विचारलं.

तिने पातेल्यातली एक शेंग उचलून सोलली.

"विली, त्यांना तुझं नाव माहीत नव्हतं. तुझं नाव त्या रेकॉर्डवर नव्हतंच. मग त्यांनी तुला कसं शोधलं?"

"बघितलंस होय तू," ती हळू म्हणाली. "रेकॉर्डवर."

"तीन वर्षं झाली."

"आणि बोलली नाहीस."

"तू चाळीस वर्षं नाही बोललीस. ते मी तुझं प्रेम समजले. विचारलं त्याचं उत्तर दे."

ती उठली. आत गेली. मी बसून राहिले. आत कपाटाचं दार वाजलं, काहीतरी खाली पडलं, ती स्वतःशीच पुटपुटली. बाहेर आली ती टोप्यांचा गोल डबा घेऊन. त्यातून हिरवी टोपी काढली, आणि टोपीखालून एक पाकीट.

पाकिटावर माझं नाव होतं, माझा पत्ता होता.

त्या काळी माझी सगळी पत्रं मी विलीकडे न्यायचे. शुक्रवारी कामावरून येताना एप्रनच्या खिशात घालून. ती याच ओसरीवर बसून वाचायची. हे कराचं. हे तुझ्या भावाचं, गुडघा दुखतोय म्हणतो. हे टाकून दे. मी मान हलवायचे. आंधळ्याने काठीला कधी विचारलंय का, की रस्ता खरा दाखवतेस ना?

विलीने पाकिटातून कागद काढला, उलगडला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणाली, "वाचून दाखवू?"

सवयीने म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. 

"नको," मी म्हटलं.

मी वाचलं. मला वेळ लागतो. प्रत्येक शब्दाखाली बोट धरून जाते, अजूनही. विली समोर उभी होती आणि चवळीवर माश्या बसत होत्या.

'प्रिय श्रीमती प्रूइट. तुमचा ठिकाणा मिळवायला आम्हाला आठ महिने लागले. तुमचं गाणं आम्ही विसरलो नाही. जुन्या गायकांकडून त्यांची गाणी पुन्हा गाऊन घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. एकोणीस मार्चला नॅशव्हिलला याल का? येण्याजाण्याचं आम्ही बघू. तुम्ही अजून गाता अशी आशा आहे.'

शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं ते हलेना.

"मला काय वाचून दाखवलं होतंस हे?" मी विचारलं.

"वीज कंपनीचं. तारेला लागणारी फांदी तोडायला माणसं येणार आहेत म्हणून."

आठवलं. दोन आठवडे मी अंगणातल्या पिकॅनच्या झाडाकडे बघत वाट पाहिली होती. फांदी तोडायला कुणी आलं नाही. विलीला सांगितलं तर ती म्हणाली होती, कंपन्यांचं असंच असतं.

"तेव्हा मी गात होते, विली. स्वयंपाकघरात गायचे. पोरं थाळ्या घेऊन उभी राहायची. तीन वर्षांनी गाठ आली. मला देवाने मध्ये एक संधी दिली होती आणि ती तुझ्या टोपीखाली होती."

"पैशासाठी नाही केलं. ते मी चर्चचा पियानो घ्यायला दिले. विचार चर्चमध्ये."

"पियानोचं नाव काढू नकोस."

"मग ऐक." तिचा आवाज चढला. "तुझ्या पाठीमागे उभी होते मी. ओळ माझी, श्वास माझा, गळा तुझा. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं आणि मी तुझा कोट धरून उभी. मी म्हटलं का काही? एकदा तरी? वीस वर्षांनी पत्र आलं तेव्हा मला वाटलं, त्यांनी तर अर्लीनला बघितलेलं नाही. एक दिवस. एक दिवस माइकच्या समोर उभं राहून बघावं. मागे नाही. बस."

"मला म्हणायचं होतंस. मी तुला पाठवलं असतं."

"नसतं पाठवलंस."

पाठवलं असतं का? मला आजही ते उत्तर माहीत नाही आणि तिने ते शोधायची वेळ माझ्यावर आणली, याचाही राग आला.

"रविवारी हॉलमध्ये ही सीडी लावणार आहेत," मी म्हटलं. "माझ्या नावाने. तू उभी राहा आणि सांग."

तिने पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं. दोरीवर वाळत होते. "अर्ली, मी वीस वर्षं त्या बाकावर बसतेय. पोरी माझ्याकडे लग्नाआधी येतात. मी चोर आहे असं त्यांना सांगू?"

"मग मी सांगते."

"सांग," ती म्हणाली. दुष्टपणाने नाही. थकून म्हणाली. "ते म्हणतील, बिचारी अर्लीन. वय झालं."

आणि तसंच झालं. बुधवारी मी रेनिटाला फोनवर सगळं सांगितलं.  मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आत्या, चोवीस वर्षं झाली. तू गेली असशील आणि विसरली असशील. माझ्या आईचं पण असंच सुरू झालं होतं. डॉक्टरांना दाखवू या का एकदा?"

"माझ्याकडे पत्र आहे."

"पत्रात तर तुलाच बोलावलंय ना, आत्या?"

हो. पत्रात मलाच बोलावलं होतं. सीडीवर माझंच नाव होतं. कागदाच्या हिशोबाने मीच गायले होते. अक्षरं शिकून तीन वर्षं झाली होती आणि सगळी अक्षरं विलीच्या बाजूची होती.

रविवारी उपासना झाली आणि मंडळी हॉलमध्ये आली. लांब टेबलांवर कागदी कापड, तळलेले मासे, कोलार्डची पालेभाजी, बटाट्याचं सॅलड सहा बायकांनी केलेलं आणि सहाही जणी कुणाचं आधी संपतं ते बघत उभ्या. शिकागोची पोरं गार गोड चहाला नाक मुरडत होती. विली मदर्सच्या टेबलाला, पांढऱ्या टोपीत, समोर अर्धी खाल्लेली थाळी. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

पाळकसाहेब तरुण आहेत, मॉन्टगोमरीकडचे. त्यांनी माझ्याबद्दल चांगले चार शब्द सांगितले, त्यातले दोन खरे होते. मग रेनिटाने सीडी लावली.

बिस्किटाचा डबा वाजायला लागला. आवाज हॉलभर पसरला. लोकांनी हात वर केले. "गा, अर्लीन, गा!" कुणीतरी ओरडलं आणि मी तोंड मिटून बसले होते. डीकन हॉब्ज माझ्या शेजारी. सदुसष्ट साली हा माणूस माझं गाणं ऐकायला नदीपलीकडून यायचा, त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. "तोच गं आवाज," तो म्हणाला. "हजारात ओळखेन मी."

"खरंच?" मी म्हटलं.

"देवाशपथ."

विलीचं मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. ज्या कानांसाठी गायले, त्यांना फरक कळला नाही.

गाणं संपलं. टाळ्या. शिकागोच्या एका पोरीने येऊन मला मिठी मारली. रेनिटाने यंत्र बंद केलं. "भगिनी प्रूइट, दोन शब्द," पाळकसाहेब म्हणाले.

मी ठरवूनच उठले, ते कबूल करते. ओळ द्यायला गळा लागत नाही. शब्द लागतात, आणि ते माझे कुणी कापून नेले नव्हते. मी टेबलाला हात टेकला, डोळे विलीवर ठेवले आणि माझ्या फाटकाच्या आवाजात, डीकन देतो तशी, भरभर ओळ दिली:

"दाराला कडी घातली नाही."

देवाचं गीत नव्हतं ते, बाजारचं गाणं होतं. म्हातारी मंडळी चमकली, एक दोघांनी घशात गुणगुण केली. शब्द कुणाला नीट पाठ नव्हते. एकीलाच होते.

विलीचं तोंड उघडलं. ती थाळीकडे बघत होती, हातात काटा होता. तिने ठरवून उघडलं नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. सत्तर वर्षांच्या रविवारांनी उघडलं.

"दाराला कडी घातली नाही," ती गायली.

अख्ख्या गळ्याने. एकोणसत्तराव्या वर्षी तिचा तो आवाज तसाच होता, भरलेला, खाली जाताना खरखरणारा. मी दम घेऊ दिला नाही.

"रस्त्याला दोष दिला नाही."

"रस्त्याला दोष दिला नाही..." माझा शेवटचा शब्द संपायच्या आधीच ती आली. अर्धा श्वास आधी. तशीच, जशी आत्ता यंत्रातून आली होती.

रेनिटाने यंत्राकडे बघितलं. ते बंद होतं. मग तिने विलीकडे बघितलं. डीकन हॉब्जने हळूच चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही. सॅलडवाल्या बायकांपैकी एक म्हणाली, "अगं बाई." बाकी हॉलमध्ये पंख्यांचा आवाज.

तेव्हा विलीला कळलं. ती उभी होती. केव्हा उठली तिलाही माहीत नसावं. काटा अजून हातात. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबली. तिसऱ्या ओळीसाठी. तिला ती पाठ होती, माझ्या आधीपासून पाठ होती. पण दिल्याशिवाय घ्यायची नाही.

माझ्या पाठीवर सदुसष्ट सालचा तिचा हात मला जाणवला. खरंच जाणवला. त्या दिवशी तिने मला एकाही ओळीपाशी ताटकळत ठेवलं नव्हतं.

मी ओळ दिली नाही. खाली बसले.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग कुणीतरी तिच्या कोपराला धरून तिला बाहेर नेलं. पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना केली. केक कुणी कापला नाही.

रेनिटाने मला घरी सोडलं.  ओसरीवर आल्यावर म्हणाली, "आत्या, मला माफ कर. मी डॉक्टरांचं बोलले." मग म्हणाली, "पण मग तुझा आवाज कुठे आहे?"

मी खाटेखालून रेकॉर्ड काढली. चरे पडलेत, एका कडेला उन्हाने वाकली आहे. माझ्या डब्यावर लावली. सुई खरखरली, खरा ढोल वाजला, खरे कर्णे, आणि मग मी आले. बावीस वर्षांची. रेनिटा जमिनीवर बसली आणि गुडघ्यांना मिठी मारून ऐकत राहिली.

दुसऱ्या ओळीनंतर तिने मान वर केली.

"मध्ये मध्ये कुणीतरी बोलतंय का गं? प्रत्येक ओळीच्या आधी?"

 तिसरी ओळ आली. आधी फुंकर, मग मी.

"कोण आहे ते?"

गाणं संपल्यावर तिने रेकॉर्ड उचलली, खिडकीपाशी नेली आणि मधलं कागदाचं वर्तुळ फिरवून फिरवून वाचलं.

"यावर तर फक्त तुझंच नाव आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.